पेंग्विनच्या जागी पोपट

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा एक विक्रेता मुलांसाठी चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर घेऊन आमच्याकडे आला. दर संगणकाला ५०० रुपये. आमचे संगणक आठ, म्हणजे ४,००० रुपये, आणि तेही पालकांनी जमा केलेल्या निधीतून. मी शिकवते उर्दू आणि मराठी. पण लहान शाळेत ज्याला माऊस नीट धरता येतो तो संगणक शिक्षक, या न्यायाने ते खातेही माझ्याकडेच आहे. मुख्याध्यापकांनी विचारले, "मॅडम, घेऊ या का?" मुलांना तर ते बघताक्षणी आवडले होते. डावीकडे मोठमोठी बटणे, दाबले की गमतीचे आवाज, ठसे उमटवायची सोय, आणि चित्र जपून ठेवताना फाइलला नाव देण्याची कटकट नाही. खाली एक हिरवा पोपट काय करायचे ते सांगत असतो. मी "घ्या" म्हटले.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळेचा लॅपटॉप माझ्याकडे होता, त्यावर त्याने तो पोपट पाहिला आणि हसायलाच लागला.

"खाला, हा तर टक्स पेंट आहे. इथे पेंग्विन असतो. पोपट कुठून आला?"

टक्स पेंट अमेरिकेतल्या बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये लहान मुलांसाठी सुरू केले. नंतर देशोदेशीच्या लोकांनी त्यात भर घातली, त्याची भाषांतरे केली. इंटरनेटवरून कोणीही ते एक पैसा न देता उतरवून घेऊ शकतो. हे ऐकले आणि माझे डोके फिरले. फुकटची वस्तू आम्हाला ४,००० रुपयांना विकली! शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी मी त्याच रात्री मजकूर टाइप केला. त्यात त्या माणसाचे नाव होते, फोन नंबर होता आणि "चोर" हा शब्द दोनदा होता.

पाठवण्याआधी भाच्याला वाचून दाखवला, हे बरे झाले.

"खाला, विकणं हा गुन्हा नाहीये," तो म्हणाला. "पोपट बसवणं हाही नाही."

मला पटेना. मग त्याने परवाना उघडून दाखवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये लिहिलेला जीपीएल हा परवाना. टक्स पेंट त्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येते. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, त्यामुळे तिकडे त्यांना सारखे समजावून सांगावे लागते. आपल्याकडे ही अडचण नाही. उर्दूत मुफ्त वेगळे आणि आझाद वेगळे. मराठीत फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. ते वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, हवे तर विका. अट एवढीच की जे स्वातंत्र्य तुम्हाला मिळाले तेच पुढच्या माणसाला मिळाले पाहिजे. म्हणजे परवान्याचा कागद सोबत हवा, कर्त्यांच्या हक्काची नोंद जागेवर हवी, केलेले बदल नोंदवलेले हवेत. शिवाय सोर्स कोड, म्हणजे ज्या मूळ लिखाणातून प्रोग्राम तयार होतो ते, सोबत तरी द्यायला हवे किंवा "मागाल तेव्हा देऊ" अशी निदान तीन वर्षांची लेखी हमी तरी हवी. आणि स्वतःच्या नव्या बंदी घालायच्या नाहीत.

आमच्या सीडीच्या वेष्टनावर छापले होते: "सर्व हक्क राखीव. प्रत काढल्यास कायदेशीर कारवाई."

खोट इथे होती. पाचशे रुपयांत नव्हती. दुसऱ्यांनी मुलांसाठी मोकळे ठेवलेले दार याने स्वतःच्या नावाने बंद केले होते. मी तक्रार करणार होते ती भलत्याच गोष्टीची.

भाच्याने मग मला एक जुनी हकिकत सांगितली. २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीच्या एका वायफाय राउटरमध्ये लिनक्स आहे, पण कंपनी त्याचा सोर्स कोड देत नाही, हे काही जाणकारांच्या लक्षात आले. सिस्कोने ती कंपनी त्याच वर्षी विकत घेतली होती. बोलबाला झाला, दबाव वाढला आणि कोड प्रसिद्ध करावा लागला. त्याच कोडवरून पुढे ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. राउटरसाठी जगभर वापरली जाणारी ही मुक्त प्रणाली एका तक्रारीच्या पोटातून निघाली आहे. पुढच्याच वर्षी जर्मनीत हॅराल्ड वेल्टे यांनी म्युनिकच्या न्यायालयातून साइटकॉम या डच कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला: परवाना पाळा, नाहीतर वाटू नका. वेल्टे हे त्या कोडच्या लेखकांपैकी एक, म्हणून ते दाद मागू शकले. आणि कोर्टात जाण्यापूर्वी त्यांनी कंपनीला इशारा पाठवला होता.

यातून मला दोन गोष्टी उमजल्या. दावा लावण्याचा हक्क ज्यांनी लिहिले त्यांचा. मी फक्त खबर देणारी. आणि या क्षेत्रातली जाणती मंडळीसुद्धा पहिल्या दिवशी चव्हाट्यावर जात नाहीत. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या दोन संस्थांनी २०१५ मध्ये अशा प्रकरणांसाठी तत्त्वे जाहीर केली आहेत. उद्देश परवाना पाळला जावा हा, पैसा उकळणे हा नव्हे, कोर्ट शेवटी. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर पहिल्यांदा चुकलेल्याने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली, तर त्याचा परवाना त्याला परत मिळतो.

व्हॉट्सअॅपचा मजकूर मी पुसून टाकला. खरे सांगते, जिवावर आले. त्यात वाक्ये फार झणझणीत जमली होती.

मग दोन संध्याकाळी आम्ही तपास केला. दिसायला सारखे असणे हा पुरावा नव्हे. भाच्याने मूळ टक्स पेंट उतरवून घेतले आणि दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी ठेवले. ठशांच्या शेकडो फाइली नावासकट तशाच होत्या. मूळ प्रतीत कागदपत्रांचे एक फोल्डर असते, परवाना त्यातच असतो. आमच्या प्रतीतून नेमके तेच गायब होते. तरी सबंध सीडी, माहितीपत्रक, पावतीची मागची बाजू, सगळे पाहिले. हमी कुठेतरी बारीक अक्षरात असेलही, असे मनात होते. नव्हती.

त्यानंतर विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, "मॅडम, मी तर वरून तयार माल आणतो. आतलं मला काय माहीत?" आवाज घाबरल्यासारखा वाटला. तो ग्रुपवरचा मजकूर गेला असता, तर या माणसाला तालुक्यातली एकही शाळा दारात उभी करती ना. चूक त्याची की वरच्याची, हे तेव्हाही मला ठाऊक नव्हते.

पत्र मी मराठीत लिहिले, भाच्याने इंग्रजी केले. उत्पादनाचे नेमके नाव, कोणाकडून, कधी, किती किमतीला घेतले. वेष्टनावर काय छापले आहे. काय सापडले आणि काय सापडले नाही. सोबत पडद्याची आणि पावतीची छायाचित्रे. "चोर" नाही, "उल्लंघन झाले आहे" असेही नाही. "झाले असावे असे वाटते" एवढेच. एक प्रत टक्स पेंटच्या कर्त्यांना, एक विक्रेत्याला, वरच्या माणसाला दाखव म्हणून. पुढे काय करायचे ते कर्त्यांनी ठरवायचे.

जानेवारीत विक्रेता नवी सीडी घेऊन आला. परवान्याची फाइल होती, कर्त्यांची नावे परत आली होती, सोर्स कोडसाठी दुवा दिला होता. वेष्टनावरची धमकी मात्र तशीच. जुनी छपाई संपेपर्यंत, म्हणाला. मी त्याच्यादेखत काळ्या मार्करने ती खोडली आणि सरांनी पैशांचा विषय काढला. बरीच ओढाताण झाल्यावर १,५०० रुपये परत आणि दोन शनिवार शिक्षकांना शिकवणी, असे ठरले.

भाच्याने मूळ टक्स पेंटही एका संगणकावर टाकून दिले आहे. दुसरीच्या मुलांना विचारले, पेंग्विन हवा की पोपट? अकरा विरुद्ध नऊ. "बाजी, पोपट!"