पाच वाजता अड्ड्यावर कोण उरतं?

मंडळी, आधी स्वतःची चूक सांगतो, मग दुसऱ्यांबद्दल बोलतो.

नाताळच्या आधी घराला रंग द्यायचा होता. भिंती खरवडायला मजूर अड्ड्यावरून दोन माणसं सांगितली होती. एक सकाळी आठला आला. दुसरा पाथर्डीकडचा, त्याची एसटी चुकली, तो साडेअकराला आला. संध्याकाळी मी पहिल्याला पूर्ण हजेरी दिली, दुसऱ्याला अर्धी. हिशेब चोख! दुसरा काही बोलला नाही. पैसे मोजले, खिशात ठेवले, चप्पल घातली आणि गेला.

पुढे महिनाभराने उपासनेत मत्तयाचा 20 वा अध्याय वाचला गेला. द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला. मी मान खाली घालून ऐकत होतो.

हा दाखला आपल्याला संडेस्कूलपासून पाठ आहे. मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार. सकाळचे कुरकुरतात. आपले उपदेशक बहुतेक वेळा एवढंच सांगतात की हे स्वर्गाच्या राज्याबद्दल आहे, उशिरा विश्वास धरणाऱ्यालाही तेच तारण मिळतं. बरोबरच आहे. आदल्याच अध्यायात पेत्राने विचारलेलं असतं, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? त्याला दिलेलं हे उत्तर आहे. पण येशूने गोष्टीला स्वर्गातलं काही घेतलं नाही, बाजारातला मजूर घेतला. तो बाजार आपल्याकडे रोज सकाळी भरतो.

कधी तरी सातला अड्ड्यावर उभं राहून बघा. गाडी थांबली की आधी कोणाला उचलतात? तरणा, दंड भरलेला, हत्यार हातात असलेला. मग ओळखीचा. दहा वाजता कोण उरतं? म्हातारा, लेकुरवाळी बाई, नुकताच आजारातून उठलेला, नाहीतर नवा आलेला, ज्याला कोणी ओळखत नाही. पाच वाजेपर्यंत उभा राहणारा आळशी नसतो हो. आळशी बाराला घरी जातो. मालक त्यांना विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. त्या एका वाक्यात अख्खा अड्डा आहे.

आणखी एक. त्या मालकाकडे कारभारी आहे, पैसे वाटायला तोच येतो. पण माणसं आणायला मालक स्वतः पाच वेळा बाजारात जातो. आपल्याकडे उलटं. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आपल्या जिल्ह्याचा तो अभिमान. पण ऊस तोडणारं जोडपं कोण, ते ज्याचा ऊस तुटतो त्यालाही माहीत नसतं. मुकादम उचल देतो, मुकादमच हिशेब ठेवतो. नवराबायको मिळून एक 'कोयता'. माणसाचं नाव कुठेच नाही.

आता जरा आपल्या मंडळींबद्दल. राग येईल काहींना.

1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. पुढे गावोगावच्या महारवाड्या-मांगवाड्यांतून माणसं प्रभूकडे आली, 1876-78 च्या आणि 1899-1900 च्या दुष्काळातही आली. पोटासाठी आलेत म्हणून त्यांना हिणवलं गेलं. ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं, ती आपली माणसं म्हणजे पाच वाजता लावलेले मजूरच की! माझ्या पणजोबांना कोणी विचारलं नाही की सकाळपासून कुठे होतास.

आणि आज? चार पिढ्यांची ख्रिस्ती घराणी पुढच्या बाकावर. दोन वर्षांपूर्वी आलेलं कुटुंब दाराजवळ. कमिटीत नाव सुचवलं की लगेच, "अजून नवीन आहेत ते." आपण सकाळचे मजूर कधी झालो, कळलंच नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर राहुरीचा भाग परत वाचा. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्या बाईने किती वर्षं सोवळं सांभाळलं आणि मग ते कसं टाकलं, ते काही लपवून न ठेवता लिहिलंय. इतकं खरं आपण आपल्याबद्दल लिहू का?

पगाराचंही तसंच. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नकोस, असं लेवीयच्या 19 व्या अध्यायात स्पष्ट आहे. अनुवादाच्या 24 व्यात कारणही दिलंय, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांवर आहे. आता सांगा, आपल्या चर्चच्या शिपायाचा पगार कोणत्या तारखेला होतो? कबर खणणाऱ्याला पैसे त्याच दिवशी मिळतात, की "रविवारी ये" म्हणतो आपण? घरकामाच्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला चार दिवस गेल्या तर ते दिवस कापतो की नाही? दशांशाच्या पाकिटावर मात्र आपलं नाव ठळक अक्षरात.

काही जण म्हणतील, सगळ्यांना सारखं दिलं तर काम कोण करणार? प्रश्न खोटा नाही. मीही तोच विचार करून अर्धी हजेरी दिली होती. पण दाखल्यातल्या मालकाने सकाळच्यांचा एक पैसा कापलेला नाही. ठरलं ते दिलं. नंतर आलेल्यांना मात्र घड्याळ बघून दिलं नाही, घरी चूल पेटायला काय लागतं ते बघून दिलं, असं मला वाटतं. अर्ध्या दिनारात अर्धंच कुटुंब जेवतं. गंमत म्हणजे त्याने आधी शेवटच्यांना पैसे द्यायला लावले. सकाळच्यांना आधी मोकळं केलं असतं तर कुरकुर झालीच नसती. त्यांनी ते बघावं, हीच त्याची इच्छा असणार.

पाथर्डीच्या त्या माणसाचा नंबर मी घेतला नव्हता. नावही नीट विचारलं नव्हतं. उरलेली अर्धी हजेरी घेऊन दोनदा अड्ड्यावर जाऊन आलो, भेटला नाही. कोणी तरी म्हणालं, ऊसतोडीला गेला असेल, पट्टा पडला की येईल. पैसे वेगळ्या पाकिटात ठेवलेत. सोमवारी परत जातोय, सातच्या आधी.