साखर पाणी ओढते, पोटातलंही!

हृदय फार कमजोर झालं की पाय सुजतात, आडवं पडलं की धाप लागते. लघवीच्या गोळ्यांनी पाणी उतरतं. पण काहींना पुढे इंजेक्शनंही लागू पडत नाहीत. मग दवाखान्याच्या खेपा ठरलेल्या.

अशांसाठी पोटाच्या डायालिसिसचा विचार व्हावा, असं आम्हांस वाटतं. पोटात बारीक नळी बसवून ग्लुकोजचं निर्जंतुक द्रावण सोडतात. साखरांब्याच्या किसाला साखर लावली की पाणी सुटतं ना, तसंच हे! काही तासांनी द्रावण अंगातलं पाणी घेऊन बाहेर येतं. घरच्या घरी जमतं, आणि पाणी सावकाश निघत असल्यानं दुबळ्या हृदयाला एकदम हिसका बसत नाही.

यानं हृदय बरं होत नाही, हे स्पष्ट सांगतो. लहान लहान अभ्यासांत दवाखान्यातले दिवस घटले. मोठी चाचणी अजून हवी. हात न धुता नळी हाताळली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. मधुमेह्यांनी तर जास्तच जपावं.

केंद्राच्या डायालिसिस कार्यक्रमात २०१९ साली ही पद्धत आली, पण मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी. हृदयाच्या रुग्णाला डॉक्टरांनी ती सुचवली, तर द्रावणाच्या पिशव्यांचा खर्च कारखान्याच्या वैद्यकीय मदतीत धरावा, असा विषय आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे ठेवत आहोत.