पाचवी गाडी

मैत्रिणींनो, शाळेत असताना तुम्हाला कोणता नट आवडायचा, असं विचारलं तर तुम्ही चटकन सांगाल. पण कोणती मोटार आवडायची? हसू नका, जरा आठवून पाहा. एखादी होतीच.

माझी शाळा चिंचवडची. १९९९ ते २००२, आठवी ते दहावी. वडील टेल्कोत होते. (टाटा मोटर्स हे नाव २००३ सालचं, आमच्या घरात अजूनही टेल्कोच म्हणतात.) जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात इंडिका पहिल्यांदा लोकांना दाखवली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती विक्रीला आली. ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजानं इकडे आणला आणि त्यावर ही गाडी उभी राहिली, ही गोष्ट बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगत. चहा होईपर्यंत गोष्ट ऑस्ट्रेलियातून पिंपरीला पोचलेली असे! आळीतली सगळी मुलं इंडिकाला ‘आमची गाडी’ म्हणत. प्रत्यक्षात आमच्या दारात होती बजाजची स्कूटर.

बाबांचं काम गाडीची दारं बसवण्याचं. रस्त्यानं जाताना मागे कुणी मोटारीचं दार लावलं, की वळून न बघताच ते म्हणत, “बसलं.” नाहीतर म्हणत, “आपटलं, बसलं नाही. दार आपटायचं नसतं, लावायचं असतं.”

शाळा सुटली की आम्ही मुली जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बसची वाट पाहत उभ्या असायचो. द्रुतगती मार्ग पूर्ण व्हायला २००२ साल उजाडलं. तोवर मुंबईच्या कितीतरी गाड्या आमच्या नाकासमोरून जात. मग खेळ चाले. एकीनं डोळे मिटायचे, बाकीच्यांनी गाड्या मोजायच्या. पाचवी येईल ती तिच्या नवऱ्याची! सँट्रो आली की टाळ्या. मटीझ आली की “अय्या, कित्ती गोड!” मारुती ८०० ही १९८३ पासूनची, तिची नवलाई उरली नव्हती, ती आली की म्हणायचं, “चला, संसार नीट होणार.” मला मनातून झेन हवी असायची. तिची ती गोलसर, चिमुकली ऐट! पण माझ्या वाट्याला दोनदा पाण्याचा टँकर आला. दुसऱ्या वेळी तर तो गळतही होता. मैत्रिणी वर्षभर मला ‘टँकरवाल्या वहिनी’ म्हणत होत्या.

वर्गातली मुलंही गाड्यांवर बोलत, पण वेगळं. इंजिन किती सीसीचं, लिटरला किती जाते, घाटात कोणती दमते, यावर त्यांची भांडणं होत. आम्हाला रंग ठाऊक, दिव्यांचा आकार ठाऊक. खरं सांगते, झेनचं स्वप्न मी शेकडो वेळा पाहिलं असेल. काच खाली, वाऱ्यानं केस उडताहेत, आणि मी बसले आहे डावीकडे. उजवीकडे चाकावर कोण, त्याचा चेहरा दर सिनेमागणिक बदलायचा. तिथं मी स्वतः आहे, असं मात्र एकदाही मनात आलं नाही.

पुढं बी.ए. झालं, लग्न झालं. सकाळी तीन तास शाळेत शिकवते, बाकी घर. आमच्याकडे गाडी आली २०१६ साली, वॅगन आर. घरात सगळे तिला ‘ह्यांची गाडी’ म्हणत. मीही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात हे कामासाठी नागपूरला गेले होते. रात्री दोनच्या सुमारास सासूबाईंना श्वास घेता येईना. खाली गाडी उभी, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. रिक्षा मिळेना. शेवटी भर पावसात शेजाऱ्यांचं दार वाजवलं, ते बिचारे बनियनवरच धावत आले. वेळेवर पोचलो, सासूबाई बऱ्या झाल्या. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “किल्ली घरात, आणि दार शेजाऱ्याचं, असं झालं गं.” त्यांच्या मनात टोमणा नव्हता. पण मला ती किल्ली आठवडाभर डोळ्यांसमोर दिसत होती.

पुढच्याच महिन्यात मी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर सांगते. आधी शिकाऊ परवाना काढायचा. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो, म्हणून पहिले चार दिवस आपल्याला उगाच वाटतं की आपण छान चालवतो! साडी असेल तर पदर आणि निऱ्या नीट खोचून बसा. टाचेची चप्पल नको. उंची कमी असेल तर पाठीशी पातळ, घट्ट उशी घ्या, म्हणजे क्लच पूर्ण दाबता येतो. आणि पहिल्या महिन्यात नवऱ्याला शेजारी बसवू नका. आमचे हे डावीकडे बसून नसलेला ब्रेक इतका जोरात दाबत, की एकदा पायात पेटके आले.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. चढावर गाडी बंद पडली ती पडलीच. दुसऱ्यांदा पास झाले.

मागच्या महिन्यात बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी एकटीच गाडी घेऊन चिंचवडला गेले. बाबा काठी टेकत आले आणि सवयीनं मागचं दार उघडू लागले. “बाबा, पुढं बसा,” म्हटलं. ते डावीकडे बसले, पट्टा लावून घेतला, हात मांडीवर ठेवले. मी वळसा घालून उजवीकडे आले, बसले आणि घाईघाईनं दार ओढून घेतलं.

बाबांनी मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाले, “बसलं नाही. परत लाव.”

मी दार उघडून परत लावलं.