एअर इंडिया : आसने नवी, कर्ज जनतेच्या माथी

टाटा समूहाच्या ताब्यात गेलेल्या एअर इंडियाने दूर पल्ल्याच्या आपल्या जुन्या विमानांचे नूतनीकरण करण्याचा कार्यक्रम डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला. बोइंग ७८७ जातीची २७ आणि बोइंग ७७७ जातीची १३ अशा ४० विमानांच्या अंतर्भागाचा कायापालट करण्यासाठी ४० कोटी डॉलर खर्च करण्याचे ठरले. पहिले विमान २०२४ च्या मध्यास नव्या रूपात सेवेत यायचे होते. प्रत्यक्षात ७८७ जातीचे पहिले विमान या कामासाठी कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथील बोइंगच्या तळाकडे रवाना झाले ते जुलै २०२५ मध्ये. दरम्यान जुन्या जम्बो विमानांना निरोप देण्यात आला, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० नव्या विमानांची मागणी नोंदवून सत्तर मोठी, दूर पल्ल्याची विमाने घेण्याचे जाहीर झाले. भांडवलदारी वृत्तपत्रांनी या साऱ्याचे वर्णन "महाराजाचे पुनरागमन" अशा शब्दांत केले. परंतु ही विमाने आली कोठून, त्यांची किंमत कोणी मोजली आणि त्यांना आजवर उड्डाणक्षम कोणी ठेवले, हे प्रश्न मात्र कोणी विचारले नाहीत.

ही विमाने टाटांनी विकत घेतलेली नव्हती. २००५-०६ मध्ये केंद्रातील सरकारने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांच्यासाठी एकूण १११ विमानांची खरेदी मंजूर केली. त्यातील ६८ विमाने बोइंगची होती. स्वतःचे भांडवल अत्यल्प आणि खरेदीचा जवळजवळ सारा भार कर्जावर, अशी ही योजना मुळातच विनाशाला निमंत्रण देणारी होती, असा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये ठेवला. २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण लादण्यात आले. ७८७ विमाने ठरल्या वेळेपेक्षा चार वर्षे उशिरा, म्हणजे २०१२ पासून येऊ लागली. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१३ मध्ये, बॅटऱ्यांतील दोषामुळे जगभरची ७८७ विमाने जमिनीवर उभी करावी लागली. विमान उशिरा आले काय आणि उभे राहिले काय, कर्जावरील व्याज मात्र थांबले नाही. याच काळात दूर पल्ल्याची पाच ७७७ विमाने आखातातील एतिहाद कंपनीला विकण्यात आली. त्या व्यवहारावरही महालेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला.

अशा रीतीने सार्वजनिक उपक्रमाच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर रचल्यानंतर "सरकारचे काम उद्योग चालवणे नव्हे" हा मंत्र जपत राज्यकर्त्यांनी तो विक्रीस काढला. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी एअर इंडियावरील कर्ज ६१,५६२ कोटी रुपये होते. टाटांची बोली होती १८,००० कोटींची. त्यापैकी १५,३०० कोटी हा कर्जाचा स्वीकारलेला हिस्सा होता. रोख रक्कम केवळ २,७०० कोटी. उरलेले ४६,२६२ कोटींचे कर्ज एका वेगळ्या शासकीय कंपनीच्या नावे लिहिण्यात आले. म्हणजेच विमाने, उड्डाणांचे हक्क आणि परदेशी विमानतळांवरील मोक्याच्या वेळा भांडवलदाराकडे गेल्या. कर्जाचा मोठा वाटा जनतेकडे राहिला. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा मूळ मालकांना भरपाई मिळाली होती. जानेवारी २०२२ मध्ये हस्तांतर झाले तेव्हा ज्या जनतेने ६८ वर्षे हा उपक्रम पोसला, तिला भरपाई म्हणून कर्ज मिळाले!

आता ही विमाने जुनी झाली, असे सांगितले जाते. याबाबत एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. विमानाचे वय केवळ वर्षांत मोजले जात नाही. प्रत्येक उड्डाणात त्याच्या सांगाड्यावर हवेच्या दाबाचा एक फेरा पडतो, आणि अशा फेऱ्यांची संख्या व उड्डाणाचे एकूण तास यांवर त्याची झीज ठरते. दूर पल्ल्याचे विमान एका फेऱ्यात दहा-बारा तास उडते, म्हणून तासांच्या मानाने त्याचे फेरे कमी भरतात. योग्य वेळी तपासणी झाली, झिजलेला भाग बदलला गेला आणि प्रत्येक दोषाची प्रामाणिक नोंद झाली, तर असे विमान वीस-पंचवीस वर्षे सुरक्षितपणे सेवा देऊ शकते. एअर इंडियाची जम्बो विमाने १९७१ पासून पन्नास वर्षे पिढी बदलत या देशाच्या सेवेत होती, ती याच जोरावर. जुन्या विमानाची सुरक्षितता त्याच्या आसनांच्या कापडात नसते. ती हँगरमध्ये रात्रपाळीत राबणाऱ्या अभियंत्याच्या व तंत्रज्ञाच्या हातात असते.

नेमका हाच हात विमान कंपनीपासून तोडण्यात आला. देखभाल-दुरुस्तीचे काम आधी एका वेगळ्या उपकंपनीकडे देण्यात आले आणि विक्रीच्या वेळी ती उपकंपनी बाजूला काढण्यात आली. मुंबई, दिल्ली, हैदराबाद, कोलकाता, तिरुवनंतपुरम आणि नागपूर येथील हँगर तिच्याकडे राहिले. तीही विकून टाकण्याचे सरकारचे जाहीर धोरण आहे. तिच्यातील भरती मोठ्या प्रमाणावर मुदतबंद कराराने होऊ लागली. ज्याच्या सहीवर अडीचशे जीवांचे उड्डाण अवलंबून असते, त्याला स्वतःच्या उद्याच्या भाकरीची शाश्वती नसावी, ही भांडवलदारी व्यवस्थापनाची "कार्यक्षमता"!

नागपूरचे उदाहरण बोलके आहे. मिहान प्रकल्पातील दुरुस्ती केंद्र बोइंगने बांधून दिले, ते दानधर्म म्हणून नव्हे. ६८ विमानांच्या खरेदीच्या बदल्यात ते भारताचे येणे होते. २०१५ पासून तेथे ७७७ व ७८७ यांसारख्या मोठ्या विमानांची कामे झाली, विदर्भातील तरुण तंत्रज्ञांची एक पिढी तेथे तयार होऊ लागली. मग त्याच विमानांच्या नूतनीकरणाची क्षमता त्याच ठिकाणी उभी करण्याचा विचार का झाला नाही? ज्या बोइंगने विमाने विकली, तिच्याच अमेरिकेतील तळावर ती पुन्हा पाठवून दुसऱ्यांदा पैसे मोजणे, यालाच "आत्मनिर्भरता" म्हणायचे काय? कंपनीने बंगळूरजवळ सिंगापूरच्या भागीदाराबरोबर नवा दुरुस्ती-तळ उभारण्याचे काम हाती घेतले. देशात क्षमता वाढत असेल तर कामगारवर्गाची तिला हरकत नाही. पण जनतेच्या पैशातून उभे राहिलेले केंद्र दुय्यम ठेवून खासगी मक्तेदारीची केंद्रे वाढवायची, ही नीती राष्ट्रहिताची नव्हे.

नूतनीकरण कोणासाठी, हेही पाहिले पाहिजे. जुन्या ७८७ विमानात बिझनेस वर्गाची १८ आणि साध्या वर्गाची २३८ आसने होती. नव्या रचनेत बिझनेस वर्गाला २०, मधल्या महागड्या वर्गाला २५ आणि साध्या वर्गाला २०५ आसने ठरली. म्हणजे प्रत्येक विमानातून सामान्य प्रवाशाची ३३ आसने गेली. मोडकी आसने आणि बंद पडलेले पडदे बदलू नयेत, असे कोणीही म्हणणार नाही. प्रवाशांच्या त्या तक्रारी खऱ्याच होत्या. परंतु बदलाचा मापदंड प्रवाशांची गरज हा नसून प्रत्येक चौरस फुटामागचा नफा हा आहे.

बाजाराच्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी या कार्यक्रमाच्या रखडपट्टीचेही उत्तर द्यावे. मूठभर परदेशी कारखानदारांच्या हाती असलेली आसने वेळेवर मिळाली नाहीत आणि वेळापत्रक वर्षभराहून अधिक काळ घसरले. नूतनीकरणासाठी विमाने काढून घेतल्यामुळे पडलेली तूट आणि पाकिस्तानने बंद केलेली हवाई हद्द ही कारणे देऊन १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा स्थगित करण्यात आली. सार्वजनिक कंपनीचे वेळापत्रक कोलमडले की तो "समाजवादाचा दोष", आणि खासगी कंपनीचे कोलमडले की ती "पुरवठ्याची अडचण"! १९९० मध्ये आखाती संकटाच्या वेळी सार्वजनिक क्षेत्रातील विमान कंपन्यांनी सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून लाखाहून अधिक भारतीयांना, त्यांतील बहुसंख्य कष्टकऱ्यांना, मायदेशी आणले होते, हे राज्यकर्ते सोयीस्करपणे विसरतात.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे ७८७ विमान कोसळून २६० जणांचा बळी गेला. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तुटल्याचे प्राथमिक अहवालात नमूद झाले. त्या दुर्घटनेचा दोष विमानाच्या वयावर वा देखभालीवर ढकलण्याची घाई करणे बेजबाबदारपणाचे ठरेल. मृत वैमानिकांच्या माथी तो मारण्याची घाई करणे तर त्याहूनही अधिक. परंतु त्या शोकांतिकेने देखरेखीचा प्रश्न साऱ्या देशासमोर उभा केला. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये दाखवून दिले की, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील सुमारे निम्मी मंजूर पदे रिकामी होती. विमानांची संख्या वाढवण्याचे करार समारंभपूर्वक होतात, विमाने तपासणाऱ्या निरीक्षकांची पदे मात्र भरली जात नाहीत! नफ्याच्या मागे धावणाऱ्या कंपन्यांना मोकळे रान आणि राखणदाराची चौकी ओस, हा उदारीकरणाचा खरा चेहरा आहे.

म्हणूनच हा प्रश्न केवळ विमानाने फिरणाऱ्या वर्गाचा आहे, असे मानून श्रमिक चळवळीने त्याकडे पाठ फिरवता कामा नये. कर्ज फेडणारी जनता आहे, हँगरमध्ये राबणारा कामगार आहे आणि आखातात मजुरीला जाणारा प्रवासीही कष्टकरीच आहे. देखभाल करणाऱ्या शासकीय कंपनीची विक्री कायमची रद्द करावी. नागपूरसह तिच्या सर्व केंद्रांत गुंतवणूक करून मोठ्या विमानांच्या नूतनीकरणाचे काम देशात आणावे. मुदतबंद करारावरील तंत्रज्ञांना कायम करावे. महासंचालनालयातील रिक्त पदे कालमर्यादेत भरावीत. आणि जुन्या प्रत्येक विमानाच्या मोठ्या तपासणीचा गोषवारा संसदेसमोर ठेवणे बंधनकारक करावे. या मागण्यांसाठी विमान कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी, त्यांतील मतभेद व तुकडे बाजूला सारून, एक व्यासपीठ उभारले पाहिजे, आणि अन्य क्षेत्रांतील संघटित कामगारांनी त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. जनतेच्या कर्जावर घेतलेली विमाने भांडवलदाराच्या नावावर झाली असतील. ती सुरक्षित आहेत की नाहीत हे विचारण्याचा जनतेचा हक्क मात्र कोणत्याही विक्रीपत्राने संपलेला नाही.