फायबरची रिंग पूर्ण, तरी गाव ऑफलाइन? राउटर एकमेकांना रस्ता कसा सांगतात, समजून घेऊया

घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला खोदकाम सुरू आहे आणि जेसीबीच्या दातात फायबर आली, असं समजा. पुढच्या सगळ्या ग्रामपंचायतींचं नेट एकदम जातं. दाखले थांबतात, अर्ज अडकतात.

यावर सरकारचं उत्तर आहे सुधारित भारतनेट कार्यक्रम. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या या कार्यक्रमाला मंजुरी दिली. आधी बऱ्याच ठिकाणी तालुक्यापासून गावांपर्यंत फायबर एका ओळीत टाकली होती. आता ती रिंगमध्ये जोडायची आणि ग्रामपंचायतीत राउटर बसवायचे, अशी योजना आहे. एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने नेट सुरू राहावं, हा उद्देश.

पण फक्त फायबर जोडल्याने हे होत नाही.

राउटर एकमेकांशी काय बोलतात?

पुण्याहून येताना नारायणगावला जुन्नरचा फाटा लागतो. रस्ता आहे, पण पाटी नसेल तर नवखा ड्रायव्हर सरळ आळेफाट्याला पोहोचेल. नेटवर्कमध्ये या पाट्या राउटर स्वतः लावतात. ‘या गावाचे पत्ते माझ्याकडून पोहोचतील’ असा निरोप प्रत्येक राउटर शेजाऱ्याला देतो. यालाच मार्गाची जाहिरात म्हणतात. निरोप मिळाला नाही, तर पलीकडचा राउटर त्या गावासाठी आलेली माहिती सरळ टाकून देतो.

उदाहरणापुरती घोडेगाव, शिनोली आणि डिंभे अशी रिंग धरू. घोडेगाव-शिनोली फायबर तुटली, तर शिनोलीची माहिती डिंभ्यामार्गे घोडेगावला जायला हवी. शिनोलीचा निरोप डिंभ्याने पुढे दिला असेल, तरच ते शक्य आहे.

बिघाड कुठे शोधायचा?

पहिली तपासणी: शेजारी ‘बोलत’ आहेत का? ओएसपीएफ या पद्धतीत राउटर ठरावीक वेळाने, बहुधा दर १० सेकंदांनी, एकमेकांना हॅलो पाठवतात. दोघांची वेळ वेगळी ठेवली गेली, तर दिवा हिरवा असूनही मैत्री जुळत नाही.

दुसरी: गावाचा पत्ता जाहिरातीत घातलाय का? नवीन गाव जोडताना ही एक ओळ राहून जाऊ शकते. मधल्या एखाद्या फिल्टरनेही ती अडवलेली असू शकते.

तिसरी: निरोप पुढे जातोय का? मोठ्या नेटवर्कमध्ये वापरल्या जाणाऱ्या बीजीपीचा एक नियम आहे. आतल्या एका राउटरकडून ऐकलेला मार्ग आतल्याच दुसऱ्या राउटरला सांगायचा नाही, म्हणजे निरोप गोल गोल फिरत राहत नाही. त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडावं लागतं किंवा निरोप वाटणारा एक ‘रिफ्लेक्टर’ नेमावा लागतो. तो नेमला नाही, तर काही राउटरना मार्ग कळतच नाही.

चौथी: परतीचा रस्ता आहे का? गावातून विनंती गेली, पण उत्तराला परत येण्याचा मार्ग माहीत नसेल, तर गावकऱ्याला पान उघडताना दिसणारच नाही.

एवढ्याशा चुकीने काय होतं?

कॅनडाच्या रॉजर्स कंपनीत ८ जुलै २०२२ रोजी काम सुरू असताना एक फिल्टर काढला गेला. मार्गांच्या निरोपांचा पूर मुख्य राउटरवर आला आणि ते कोलमडले. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांची सेवा गेली, अनेकांना आपत्कालीन ९११ क्रमांकही लागेना. दुरुस्ती करणाऱ्यांचा संपर्कही त्याच नेटवर्कवर होता, त्यामुळे कारण शोधायलाच कित्येक तास गेले.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. बातमी बाहेर पोहोचली ती एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीला आलेल्या त्याला गावच दिसलं नव्हतं. त्या पट्ट्यात आजही पावसाळ्यात दरडीची भीती असते. दरड रस्त्यासोबत फायबरही नेते, म्हणजे दुसऱ्या वाटेची गरज नेमकी तेव्हाच लागते.

मग विचारायचं काय?

किती किलोमीटर फायबर टाकली, किती ग्रामपंचायती जोडल्या, हे आकडे सरकारी अहवालात असतात. एक बाजू मुद्दाम बंद करून दुसऱ्या बाजूने गाव सुरू राहतं का, हे मात्र त्या आकड्यांतून कळत नाही. ही चाचणी काही मिनिटांची आहे. ती पावसाळ्याआधी, मे महिन्यात करता येते. ग्रामसभेत ‘नेट आलं का?’ या प्रश्नाला आता दुसरा प्रश्न जोडायला हवा: ‘एक तार काढून पाहिली का?’