गोल्फचे मैदान कोणाचे?

गोल्फ म्हटले की आपल्यापुढे कुंपण, द्वारपाल आणि मखमली हिरवळ उभी राहते. हा खेळ जन्मतःच श्रीमंतांचा, अशी समजूत झाली तर नवल नाही. पण स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली, ती लोक धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळांच्या नादी लागले म्हणून. मूठभर सरदारांच्या करमणुकीपायी असा कायदा कोणी करीत नाही.

खेळ चाले तो समुद्रकाठच्या ‘लिंक्स’वर. ही वाळूची, नांगराला निरुपयोगी जमीन. सेंट अँड्र्यूज येथे तिच्यावर मेंढ्या चरत, बायका धुणे वाळत घालीत, आणि त्यांतून वाट काढीत चेंडू जाई. १५५२ सालच्या सनदेने तेथे ससे पाळण्याचा हक्क आर्चबिशपला दिला. गुरे चारण्याचा आणि गोल्फ खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मात्र अबाधित राखला.

‘सद्गृहस्थां’ची मंडळे आली ती अठराव्या शतकात. १७४४ साली लीथ येथे एडिंबरो नगर परिषदेने दिलेल्या चांदीच्या काठीसाठी सामना झाला, तेरा नियम लिहिले गेले आणि जॉन रॅट्रे हा शल्यवैद्य पहिला विजेता ठरला. दहा वर्षांनी सेंट अँड्र्यूजला बावीस उमराव व सद्गृहस्थ एकत्र आले. खेळाइतकेच महत्त्व पैजांना आणि नंतरच्या भोजन-मद्यपानाला होते. जमीन मात्र सगळ्या गावाची. तिच्यासाठी त्यांना खंड मोजावा लागला नाही, आणि गवत कातरायला मेंढ्या होत्याच! अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा ताळेबंद नजरेआड करता येत नाही.

गरिबाला नियमाने हाकलावे लागले नाही. ते काम चेंडूच्या किमतीने केले. चामड्याच्या कवचात टोपीभर उकडलेली पिसे ठासायची. कसबी कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीन-चारच चेंडू होत, आणि ते भिजले की फुटत. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा, स्वस्त चेंडू आला, तेव्हा कुठे खेळाचा विस्तार झाला.

त्याआधी जमिनीवरच घाला आला होता. कर्जबाजारी नगर परिषदेने १७९७ साली लिंक्स विकून टाकले आणि लवकरच ते सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेले. मैदानाची बिळांनी चाळण झाली. गोल्फवाले न्यायालयात गेले, मारामाऱ्याही झाल्या. अखेर १८२१ साली एका गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जमीन विकत घेतली, तेव्हा हा तंटा मिटला. सद्गृहस्थांना गावकीचा कळवळा आला होता असे मी म्हणणार नाही. त्यांना आपला खेळ वाचवायचा होता. पण त्यासाठी आधार घ्यावा लागला तो नगरवासीयांच्या जुन्या हक्काचाच. पुढे १८९४ च्या कायद्याने लिंक्स नगराकडे परत आले.

लीथच्या मंडळाने वेगळी वाट धरली. सार्वजनिक लिंक्सवरची गर्दी सोसेना, तेव्हा ते आधी मसलबरोला आणि १८९१ साली म्युरफील्डच्या स्वतःच्या मैदानावर गेले. मसलबरोच्या कोळिणींच्या गोल्फसाठी तेथील क्लबाने १८१० सालीच बक्षिसे ठरविली होती. म्युरफील्डच्या मंडळींनी स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव केला तो २०१७ साली. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर मात्र एरवी रविवारी खेळ बंद असतो, आणि गावातली माणसे मुलाबाळांसह, कुत्री घेऊन त्या हिरवळीवर फिरतात.