पल्स म्हणजे पॉइंटर नव्हे!

हॉस्टेलवर हल्ली एक नवीनच पॉइंटर निघालाय. तलावावरून परतताना लोक एकमेकांना मनगटावरची घड्याळं दाखवतात. "माझा अठ्ठावन्न!" "हॅ, माझा चौपन्न!" ज्याचा बहात्तर, तो गप्प. यात दुसऱ्या वर्षाची पोरं आहेत, तशीच संध्याकाळच्या बॅचला येणारी सर मंडळीही आहेत. पोहणं राहिलं बाजूला, स्वस्थ बसल्यावर हृदयाचे ठोके कोणाचे कमी पडतात यावरच चढाओढ. माझं म्हणणं सरळ आहे : हा आकडा शेजाऱ्याशी ताडून बघायचा नसतोच. ताडायचा तर स्वतःच्याच जुन्या आकड्याशी.

आधी यंत्र समजून घेऊ, शेवटी आपण इंजिनिअर! हृदय हा पंप. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुरवावं लागतं. एका ठोक्याला ७० मिली बाहेर पडत असेल तर सत्तर ठोके लागतात, १०० मिली पडत असेल तर पन्नासात काम भागतं. नियमित पोहण्याने एका ठोक्यामागे जाणारं रक्त वाढतं. शिवाय व्हेगस नावाची नस हृदयाला जो ब्रेक लावते, तोही जरा जोरात लागतो. म्हणून कसलेल्या खेळाडूंचा पल्स ४० च्या आसपासही सापडतो. इथपर्यंत बढाई मारणाऱ्यांचं बरोबर आहे.

पण प्रौढ माणसाचा ६० ते १०० हा सगळा पट्टा नॉर्मल धरतात. त्यात कोण कुठे बसणार हे बरंचसं जन्मतःच ठरतं. मुलींचा पल्स सरासरीने मुलांपेक्षा काही ठोके जास्तच असतो. आणि आपण काही ऑलिम्पिकला निघालेलो नाही. आठवड्यातून तीन दिवस हौसेने पोहणाऱ्याचा पल्स उतरला तरी काही ठोक्यांनी उतरतो. तेवढेच ठोके एक जागरण, थोडा ताप किंवा कडक चहा सहज परत चढवतो. सबमिशनच्या आठवड्यात पल्स मोजून निराश होणाऱ्याला काय म्हणावं?

मोजण्याची पद्धत तर विचारूच नका. दहा सेकंद मोजून सहाने गुणायचं! एक ठोका चुकला की उत्तरात सहाचा फरक. व्हर्नियरचा लीस्ट काउंट व्हायव्हात घडाघडा सांगणारी आपण मंडळी, इथे मात्र एररपेक्षा लहान फरकावर पैजा लावतो. काही जण तलावाच्या काठाला धरूनच मोजतात. तो विश्रांतीचा पल्स नव्हेच. एकतर दम लागलेला असतो, वर पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो, त्याने ठोके बदलतात. खरा पल्स सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजावा. आठवडाभराची सरासरी काढावी आणि वहीत लिहून ठेवावी.

वही कशाला, तर या आकड्याचा खरा उपयोग तिथेच आहे. नॉर्वेत सुमारे २९ हजार स्त्री-पुरुषांचा पल्स साधारण दहा वर्षांच्या अंतराने दोनदा मोजला गेला. २०११ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. पहिल्या वेळी ७० च्या खाली असलेला ज्यांचा पल्स नंतर ८५ च्या वर गेला, त्यांच्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचं प्रमाण, दोन्ही वेळा ७० च्या खाली असणाऱ्यांच्या मानाने जवळजवळ दुप्पट दिसलं. पल्स वाढल्यामुळेच ते झालं असं यावरून सिद्ध होत नाही. पण आपला आकडा वर्षानुवर्षं कुठे सरकतोय यावर लक्ष ठेवावं, एवढं नक्की कळतं.

चढाओढीचे तोटे दोन्हीकडून आहेत. पल्स ४८ आणि वर चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर ती फुशारकी मारायची गोष्ट नाही, डॉक्टरांना दाखवायची आहे. स्वस्थ बसूनही सतत १०० च्या वर असेल तरीही तेच. दुसरा तोटा मला जास्त खुपतो. आमच्या बॅचला ऑफिसातले एक काका यायचे. पन्नाशी उलटलेली. सुरुवातीला एक लॅप झाली की काठ धरून धापा टाकायचे. दोन महिन्यांत न थांबता सहा लॅप मारायला लागले. घड्याळ मात्र ७६ वरून ७५ वर आलं. बाकीच्यांचे पन्नास-पंचावन्न ऐकून, "आपल्याच्याने काही होत नाही रे," म्हणाले आणि यायचे बंद झाले. एका लॅपचे सहा झाले, हे त्या घड्याळात कुठेच दिसलं नाही!

तेव्हा मित्रहो, आणि सर लोकहो, तलावावर कोणाला विचारायचंच असेल तर "आज किती लॅप?" एवढं विचारा. पल्स ज्याच्या त्याच्या वहीत राहू द्या. आणि काका, हे वाचत असाल तर उद्यापासून या. तुमची लेन अजून रिकामीच आहे.